विसरभोळा म्हणू नका, एक खिळा ठोका



'विसरभोळा' हा शब्द आपल्याकडे फार चालतो. कोणाची वही घरी राहिली, कोणी निम्मे गणित सोडवून खिडकीबाहेर बघत बसला, की लगेच सगळे म्हणतात, "याचं ध्यानच नाही." मला हे पटत नाही. माझे मत असे आहे की, विसरणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा त्याच्या रोजच्या कामात एक लहान बदल करून द्यावा. बदल मोठा नको. रोज जमेल एवढाच हवा.

आमच्या गुरुजींनी मेंदूची माहिती सांगितली. कपाळाच्या मागे मेंदूचा पुढचा भाग असतो. आधी काय करायचे, नंतर काय करायचे, सांगितलेले ध्यानात ठेवणे, मन आवरणे, ही कामे मुख्यतः तो भाग करतो. हा भाग पुरता तयार व्हायला साधारण २५ वर्षे लागतात. मी दहा वर्षांची आहे. माझा भाऊ पहिलीत आहे. म्हणजे आमचे अजून कच्चेच आहे! काही मुलांना तर ही कामे इतरांपेक्षा जास्त जड जातात. ती मुले आळशी नसतात.

आपल्या कळवण तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की आईवडील दिवस उगवायच्या आत शेतात जातात. मग मोठ्या भावंडाला सगळे बघावे लागते. आई निघताना एका दमात सांगते, "शेळीला पाला टाक, हंडा भर, भाऊला उठव, भाकर बांधून घे, कुलूप लाव." भाऊला असे पाच निरोप दिले तर त्याला पहिला आणि शेवटचा तेवढा आठवतो. मधले तीन कुठे गेले ते त्यालाही माहीत नसते. पण दोनच कामे सांगितली तर तो दोन्ही करतो. हे मी रोज बघते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, एका वेळी दोनच कामे सांगा. ती झाली की पुढची सांगा.

आम्ही घरी तीन बदल केले. पहिला, दाराजवळ एक खिळा ठोकला. दप्तर फक्त तिथेच टांगायचे. दुसरा, रात्री जेवणाचे ताट उचलले की लगेच दप्तर भरायचे. ताट तर रोजच उचलतो, म्हणून दप्तराची आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. तिसरा, दाराशेजारी भिंतीवर खडूने चार चित्रे काढली. वही, बाटली, डबा आणि किल्ली. भाऊला अजून नीट वाचता येत नाही, पण चित्र कळते. तो एकेका चित्रावर बोट ठेवतो आणि मग निघतो. हे तिन्ही आम्ही एकदम केले नाही. एक जमला, मग दुसरा केला.

ठरलेल्या क्रमाने डोक्याचे ओझे कमी होते. आपला परिपाठच बघा. रोज त्याच क्रमाने होतो, म्हणून पुढे काय ते कोणी विचारत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम नद्यांवर आणि धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. पाणी पाळीने द्यायला पाटकरी नेमलेला असे. आज पाणी कोणाचे, हे प्रत्येक शेतकऱ्याला रोज नव्याने ठरवावे लागत नसे. मोठी माणसे शेतासाठी एवढी सोय करतात, तर मुलांसाठी एक खिळा का ठोकू नये?

कोणी म्हणेल, "मार बसल्याशिवाय शिस्त लागत नाही." पण घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात भीतीच भरते. मग कामाला जागा कुठे उरते? त्याला येत असलेले उत्तरही आठवत नाही.

काही मुले सुट्टीत पहाटे पाचपासूनचे मोठे वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवतात. चार दिवसांत ते तसेच लटकत राहते. चैत्रात खानदेशातून लोक सप्तशृंग गडावर पायी येतात. ते एका दिवसात धावत येत नाहीत. मुक्काम करत करत येतात, म्हणून पोहोचतात. सवयीचेही तसेच आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवयींचा अभ्यास झाला. तो २०१० साली छापला गेला. त्यात ९६ माणसांनी भाग घेतला. प्रत्येकाने एकच लहान काम निवडून रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडले, जसे जेवताना फळ खाणे. ते अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला खूप जास्त लागले. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. म्हणजे १५ जूनला सुरू केले तर १५ ऑगस्टचे झेंडावंदन होऊन जाईल. तोवर पालकांनी धीर धरावा. आठ दिवसांत "काही फरक नाही" असे म्हणू नये.

खिळ्याला पैसे फार लागत नाहीत, खडूला तर नाहीच. पण मुलाला रोज 'विसरभोळा' म्हटले की त्यालाही ते खरे वाटू लागते. मग तो आठवायचा प्रयत्नच सोडून देतो. हे नुकसान वही राहण्यापेक्षा मोठे आहे.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर एकच बदल निवडा. दोन नको. आणि आईबाबांनाही सांगा, की आम्हाला ६६ दिवस द्या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी