काकूंनी विरहगीत म्हटलं तर?

हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात गाणी ठरवताना एक न लिहिलेला नियम असतो. सुनांनी सिनेमाची गाणी म्हणायची आणि सासवांनी अभंग! आमच्या शाहूपुरीतही तेच. यंदा सत्तरीच्या एका काकू म्हणाल्या, “मी ‘तोच चंद्रमा नभात’ म्हणते.” लगेच कुणीतरी चिडवलं, “आता या वयात कुणाची आठवण काढताय?” हशा पिकला. काकू नेहमीचा अभंग म्हणून खाली बसल्या.

थट्टाच होती, पण मला ती आवडली नाही.

मैत्रिणींनो, हे गाणं कुणाचं ते तरी बघा. चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. बाबूजींचा जन्म आपल्या कोल्हापूरचाच, १९१९ सालचा. शब्द मात्र एका बाईचे, शांता शेळके यांचे. त्यांना ही कल्पना सुचली एका जुन्या संस्कृत श्लोकावरून, आणि तो श्लोकही शीलाभट्टारिका या कवयित्रीचा मानला जातो. त्यातली बाई चांगली सुखानं नांदतेय. नवरा तोच, ज्याच्यावर लग्नाआधी जीव जडला होता. चैत्रातल्या रात्रीही त्याच. तरी तिचं मन रेवा नदीच्या काठी, पूर्वी ते दोघं भेटायचे तिथंच घुटमळतं. शांताबाईंनी याला निराळं वळण दिलं. त्यांच्या गाण्यात सगळं जागच्या जागी आहे, हरवलीय ती मनातली ओढ.

म्हणजे आठवण दर वेळी परक्या माणसाचीच असते असं नाही. स्वतःच्या गेलेल्या दिवसांचीही असते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

जात्यावरच्या ओव्यांत आपल्या आज्यांनी माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल सगळं गायलं. मनातला जिव्हाळ्याचा कुणी त्यात क्वचितच येतो. लावणीत विरह उघड होता, पण ती घरंदाज बाईनं गुणगुणायची नाही! मग घराघरांत रेडिओ आला, भावगीतं आली. भाकरी थापता थापता ऐकावं, डोळे भरले तर चुलीच्या धुराचं नाव सांगावं. केवढी मोठी सोय झाली ती!

तिकडे फ्रान्समध्ये एदित पियाफ या गायिकेनं १९४९ मध्ये आपल्या प्रेमावर स्वतः एक गीत लिहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचा प्रियकर, मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दां, विमान अपघातात गेला. ते गाणं ती पुढेही भरल्या सभागृहांत गात राहिली. लोक तिकीट काढून ऐकायला यायचे. आपल्याकडे चार ओळखीच्या बायकांसमोरही एवढी मोकळीक नसावी?

गाणं जिचं तिनं निवडावं, वय विचारू नये, एवढं मंडळांनी ठरवून टाकावं. आणि घरात आईची किंवा सासूबाईंची गाण्यांची जुनी वही असेल तर ती जरूर काढा. आरत्या-अभंगांच्या मधेच रेडिओवर ऐकून घाईघाईनं उतरवलेलं एखादं विरहगीत हमखास सापडतं, एखादी ओळ सुटलेलं. सुटलेली ओळ त्यांनाच विचारा.