पंगत, कर्ज आणि प्रकृती

प्राचीन रोममध्ये इ.स.पूर्व १६१ साली मेजवानीच्या खर्चावर कायद्याने मर्यादा घातली गेली. पुढेही असे कायदे पुन्हा पुन्हा करावे लागले. जिभेला लगाम बसला नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) सुरुवात घरापासून केली. वडील दारूपायी गेलेले. मुलीच्या बारशाला मांस-मद्याची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण दिले. कर्ज काढून सण करू नका, असे ते कीर्तनातून सांगत.

आज तेरवीच्या पंगतीत मधुमेहाचा रुग्ण आग्रहाखातर चार लाडू खातो आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. यजमान सावकाराच्या दारी जातो. असा आग्रह म्हणजे माया नव्हे. वरण, भाकर, अंबाडीची भाजी वाढण्यात कमीपणा कसला? घरी कार्य निघेल तेव्हा सुरुवात आपणच करावी.