एक माणूस, एक मूल्य. मग माळाचे मूल्य कोण ठरवणार?

सरकारी अहवालात जंगलाची किंवा नदीची किंमत रुपयांत लिहिलेली असते. तो आकडा बहुतेक वेळा तिथला नसतोच. दुसऱ्या ठिकाणी झालेल्या अभ्यासातून तो उचलून इथे चिकटवलेला असतो. अर्थशास्त्रात याला 'बेनिफिट ट्रान्सफर' म्हणतात. प्रत्येक जागी नव्याने अभ्यास करायला पैसा आणि वेळ लागतो, हे खरेच आहे. पण उचलताना माणसे गळतात, त्याचे काय?

वनजमीन प्रकल्पाला देताना 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावे लागते. त्या-त्या जागेचा हिशोब करून ते ठरवा, असे कांचन चोप्रा समितीने सुचवले होते. झाले काय? 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी ठरावीक दर मान्य केले, हेक्टरी 4.38 ते 10.43 लाख रुपये. 2022 मध्ये ते 9.57 ते 15.95 लाखांवर गेले. दर ठरतो वनाच्या प्रकारावर आणि झाडांच्या दाटीवर. त्या जमिनीवर किती चुली पेटतात, याचा रकानाच नाही.

गायरानाला हे दर लागू नाहीत. पण हीच नजर घेऊन आमच्या तलवाड्याकडचा माळ बघा. झाडे विरळ, म्हणून जमीन 'पडीक'. ऊसतोडीहून परतलेल्या भूमिहीन बाईच्या दोन शेळ्या त्याच माळावर जगतात, सरपण तिथलेच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 मध्ये भूमिहीन माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली, ती काय झाडांची दाटी मोजून?

याहून घातक पुढची पायरी आहे. श्रीमंत ठिकाणचा आकडा गरीब ठिकाणी आणताना तो उत्पन्नाच्या प्रमाणात कमी करतात. 'यासाठी किती पैसे मोजाल?' असे विचारायचे आणि ज्याचा खिसा रिकामा त्याचे उत्तर लहान म्हणून त्याचे नुकसानही लहान धरायचे! 1995 च्या सुमारास आयपीसीसीच्या हवामान अहवालात गरीब देशातल्या जिवाची किंमत श्रीमंत देशातल्या जिवाच्या पंधराव्या हिश्श्याइतकी धरली गेली. भारताने कडक हरकत घेतली, आणि बरोबरच केले. मग देशाच्या आत हीच उतरंड का चालते? बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत 'एक माणूस, एक मूल्य' या तत्त्वाबद्दल जो इशारा दिला, तो या हिशोबालाही लागू आहे.

म्हणून मित्रांनो, जनसुनावणीत अहवाल हातात पडला की मूल्याचे पान आधी उघडा. हा आकडा कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, आणि मोजताना सातबारा नसलेल्या घरांना विचारले होते का, हे लेखी मागा.

जय भीम.