आचाऱ्यावर किती सोपवावे?

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली 'वासाबी' हे जपानी उपाहारगृह सुरू झाले, तेव्हापासून 'ओमाकासे' हा शब्द आपल्याकडेही कानावर येतो. अर्थ साधा : 'तुमच्यावर सोपवले'. गिऱ्हाईक काही निवडत नाही. आचारी त्या दिवशीची मासळी पाहून एकेक सुशी वळून पुढे ठेवतो. नंदुरबारच्या खानावळीत तरी दुसरे काय होते? शिजले तेच ताटात! फरक हिशेबाचा आहे. ओमाकासेत जागा मोजक्या, नोंदणी आधी, म्हणून माल तेवढाच घेतला जातो. लग्नसराईत उरलेल्या डेगांकडे हताशपणे पाहणाऱ्या केटरर बांधवांनी एवढे जरूर उचलावे.

मात्र सर्वस्वी सोपवणे आम्हांस मान्य नाही. मासा हलाल म्हणून सुशीही हलाल, असे समजून लोक निर्धास्त बसतात. सुशीवर ब्रशने लावतात त्या निकिरीत सोया सॉसबरोबर बहुधा साके आणि मिरिन असते. दोन्ही तांदळाची मद्ये. जागा नोंदवतानाच हे विचारावे. ऐनवेळी विचारले तर आचाऱ्याचीही पंचाईत.

आणि उकाईच्या फुगवट्यातली मासळी घेऊन हा धंदा येथेच करू म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाल्ला तर जंत पोटात जाण्याचा धोका असतो. ती मासळी नंदुरबारी मिरचीच्या रश्शातच बरी.