लहानपण विचारल्याशिवाय निदान नको

सातारा-सांगलीकडे तिशीतल्या एखाद्या माणसाला 'कुणात मिसळत नाही, एकच हट्ट धरून बसतो, मध्येच भडकतो' म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, तेव्हा घरच्यांचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. घुमा आहे, हेकट आहे, स्वभावाला औषध नाही. दवाखान्यातल्या केसपेपरवर 'व्यक्तिमत्त्व विकार' असं लिहून आलं की त्या निकालावर डॉक्टरची सही होते. या माणसाची पहिली पाच-सहा वर्षं कशी गेली हे विचारल्याशिवाय ते दोन शब्द कुणी लिहू नयेत, असं माझं ठाम मत आहे. कारण हीच लक्षणं स्वमग्नतेचीही (ऑटिझमचीही) असू शकतात. मित्र नसणं स्वमग्नतेत दिसतं, तसंच स्किझॉइड म्हणजे एकलकोंड्या व्यक्तिमत्त्वातही. वस्तू जागच्या जागीच हवी हा आग्रह स्वमग्नतेत असतो, तसा काही व्यक्तिमत्त्व विकारांतही. एकाला त्या ठरलेपणाने जीव शांत होतो, दुसऱ्याला आपलीच पद्धत बरोबर वाटते. रागाचा उद्रेक बाहेरून सारखाच, पण एकाच्या मागे लग्नाच्या मांडवातला डीजे, गर्दी आणि दिवे सहन न होणं असतं, तर बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वात जवळचं माणूस आपल्याला टाकून जाईल ही भीती. वीस मिनिटांच्या भेटीत हे कारण हाती लागत नाही.

या गोंधळाला इतिहास आहे. मॉस्कोत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी 1926 साली ज्या मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, ती आज वाचताना स्वमग्न वाटतात. त्यांनी मात्र त्यांना 'स्किझॉइड' प्रकृतीची म्हटलं. व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी 1944 मध्ये 'ऑटिस्टिक सायकोपॅथी' हे नाव दिलं, आणि त्या काळच्या जर्मन परंपरेत 'सायकोपॅथी' म्हणजे व्यक्तिमत्त्वाचाच दोष. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी 1981 मध्ये ते नाव बाजूला ठेवून 'अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम' म्हटलं, आणि हा वाढीच्या वाटेतला फरक आहे हा विचार रुजत गेला. मनोविकारांच्या 2013 च्या अमेरिकन वर्गीकरणात स्वमग्नतेची लक्षणं अगदी लहानपणी सुरू झालेली असावीत अशी अट आहे. व्यक्तिमत्त्व विकाराची सुरुवात मात्र किशोरवयात किंवा तरुणपणी शोधायची असते. त्याच वर्गीकरणात एक महत्त्वाची पुस्ती आहे: समाजाच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत स्वमग्नता पुरती उघड होत नाही, किंवा शिकलेल्या वागण्याआड झाकलीही जाते. गावातल्या शाळेत हुशार म्हणून निभावून गेलेली मुलगी सासरी गेल्यावर 'विचित्र' ठरते, ते याचमुळे. मुलींच्या बाबतीत हे झाकणं जास्त होतं, म्हणून चुकीचं निदानही त्यांच्याच वाट्याला जास्त येतं.

आक्षेप येतील. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून हल्ली जो तो स्वतःला ऑटिस्टिक म्हणवतो, ही तक्रार पोकळ नाही. पण लहानपणाची चौकशी त्यालाही तोच चाप लावते: बालपणात काहीच आढळलं नाही, तर दावा टिकत नाही. तीस वर्षांपूर्वीचं आईला काय आठवणार, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. 'लहानपणी कसा होता?' असं मोघम विचारलं तर 'गुणी होता' एवढंच उत्तर येणार. पण बोट दाखवून वस्तू मागायचा का, कुकरची शिट्टी झाली की कान झाकायचा का, इतर पोरांच्या खेळात शिरायचा का, याची उत्तरं आया सहसा विसरत नाहीत. शिवाय इथे आत्या, चुलती, प्राथमिक शाळेतले गुरुजी अनेकदा त्याच गावात सापडतात. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला दुर्मीळ असलेली ही सोय आपण वाया घालवतो याचं मला फार वाईट वाटतं. दोन्ही अवस्था एकाच माणसात असू शकतात, हेही खरं. वर्षानुवर्षं चिडवलेल्या, मारलेल्या स्वमग्न मुलाचं मन मोठेपणी आणखी वेगळ्या तऱ्हेने दुखावलेलं असणारच. तेव्हा तर दोन्ही ओळखायला हवं.

नावाने काय फरक पडतो, असं मात्र कुणी म्हणू नये. गोंगाटाने कोसळणाऱ्या माणसाला 'तू लक्ष वेधायला करतोस' असं सांगणारा उपचार त्याला आणखी आत ढकलतो. त्याला हवी असते शांत जागा, स्पष्ट सूचना, आधी सांगून केलेला बदल. कायद्यानेही फरक पडतो. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आली आणि सरकारी नोकरीतल्या राखीव जागांतही तिचा वाटा आहे. व्यक्तिमत्त्व विकाराचं नाव त्या यादीत नाही. पण हे निदान करायचं कुठे? राज्यातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. म्हणजे इथला भार जिल्हा रुग्णालयांवर आणि मिरज-कऱ्हाडच्या वैद्यकीय महाविद्यालयांवर. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी मला मान्य आहे. म्हणून मागणी लहान आहे. प्रौढांच्या केसपेपरवर बालपणाचे सहा प्रश्न छापावेत; ते परिचारिकेने किंवा समुपदेशकाने आधीच विचारून ठेवावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीच्या नोंदी होतात. त्या वयाबरोबर बंद न होता मानसोपचार विभागाकडे जाव्यात, आणि उत्तरं मिळेपर्यंत निदानाच्या जागी 'तपास चालू' एवढंच लिहावं.