उडालेली पन्नी कोणाची?

अमरावतीजवळच्या वलगावच्या शिवारात यंदाही कापूस वेचताना बायांना दोन कामं करावी लागताहेत. ओटीत कापूस, आणि पऱ्हाटीला अडकलेली प्लास्टिकची पन्नी काढून कमरेच्या पिशवीत. मजुरी मिळते ती कापसाच्या किलोवर. पन्नी काढण्यात गेलेला वेळ त्यांच्या पदरचा.

माझं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाची प्रतवारी करण्यात गेलं, म्हणून पन्नीचा पुढचा प्रवास मला ठाऊक आहे. उन्हात करपलेली पातळ पन्नी हात लागताच चुरा होते. बोंडाला चिकटलेला तिचा नखाएवढा तुकडा गाडीत येतो, ढिगात हरवतो आणि रोलरमध्ये शिरला की त्याच्या बारीक चिंध्या होऊन रुईत मिसळतात. गाठ बांधल्यावर त्या कोणालाच दिसत नाहीत. दिसतात त्या थेट गिरणीत, कापड रंगवल्यावर. प्लास्टिक सुताचा रंग धरत नाही, म्हणून रंगीत कापडावर पांढरे ठिपके उमटतात. मग गिरणीवाला म्हणतो, वऱ्हाडच्या कापसात कचरा फार. भाव कापला जातो शेतकऱ्याचा, आणि ती पन्नी तर त्यानं वापरलेलीही नसते.

ती येते कुठून? काही बाजारातून, काही रस्त्याकडेच्या ढिगांतून, काही ताडपत्री न बांधता धावणाऱ्या कचरागाड्यांतून आणि बरीचशी कचऱ्याच्या डेपोंतून. अमरावतीचा कचरा वर्षानुवर्षं सुकळीच्या कंपोस्ट डेपोत जातो, अकोल्याचा नायगावला. ओला, मिसळलेला कचरा सहसा उडत नाही. तो वाळवला, चाळला, वेगळा केला की हलकं प्लास्टिक मोकळं होतं. जुन्या ढिगांचं बायोमायनिंग करताना हेच घडतं. ढीग उकरून वाळत घालायचे, ट्रॉमेलच्या चाळणीतून काढायचे, माती एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे आणि सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जाळायचं हलकं प्लास्टिक तिसरीकडे. काम चांगलं आहे, ते व्हायलाच हवं. पण तो तिसरा ढीग उघडा राहिला, तर चाळणीची सगळी मेहनत वारा शेजारच्या वावरात नेऊन टाकतो.

जिनिंगच्या आवारात सरकीसकट कापूसही वाऱ्यावर सोडत नाहीत. वारं सुटायचं चिन्ह दिसलं की हमाल धावत ताडपत्री ओढतात, कारण उडालेल्या प्रत्येक बोंडाला किंमत असते. उडालेल्या पन्नीला ती नाही. माझ्या मते दुखणं इथंच आहे. कचऱ्याचे ठेके बहुधा टनावर किंवा घनमीटरवर निघतात. हजार पन्न्या कुंपणापलीकडे गेल्या तरी वजनकाट्यावर फरक पडत नाही, बिलात पैसा कमी होत नाही. मग ताडपत्रीमागे धावायचं कोणी?

उपाय काही अवघड नाहीत. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावभूमीसाठी सांगून ठेवलं होतं की कचरा पातळ थरात दाबायचा आणि दिवस संपताना त्यावर किमान 10 सेंटिमीटर माती किंवा राडारोडा पसरायचा. अमेरिकेतही रोज 6 इंच मातीचा नियम आहे. आपल्याकडचे डेपो म्हणजे बहुतेक उघडे ढीग, त्यांना भरावभूमी म्हणणंही कठीण. पण झाकायला अडचण कसली? शिवाय एका वेळी थोड्याच जागेत गाड्या रिकाम्या कराव्यात. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला, ढिगाच्या अगदी जवळ, हलवता येतील अशा उंच जाळ्या लावाव्यात. कुंपणाची जाळी फार लांब असते, तिथवर पन्नी पोचते तेव्हा ती उंच उडालेली असते. वेगळ्या केलेल्या प्लास्टिकचे गठ्ठे त्याच दिवशी दाबून बांधावेत. सोसाट्याचा वारा असेल त्या दुपारी चाळणी बंद ठेवावी.

बंदीवर मात्र फार विसंबून राहू नये. राज्यात मार्च 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. देशात 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी 31 डिसेंबर 2022 पासून चालत नाही. आठवडी बाजारात कोथिंबिरीची जुडी अजून कशातून मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे.

गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवला तो इथंच, वलगावला पेढी नदीपाशी. दर पुण्यतिथीला ठिकठिकाणी खराटे निघतात, आणि ते निघालेच पाहिजेत. पण झाडून केलेला ढीग रस्त्याकडेला उघडा सोडला की संध्याकाळपर्यंत तो निम्मा नालीत आणि निम्मा धुऱ्यावरच्या बाभळीत. बाबा झाडल्यावर कचरा तसाच टाकून पुढच्या गावाला गेले असते का?

महापालिकांकडे आणि आमच्या ग्रामपंचायतीकडेही माझी एकच मागणी आहे. कचऱ्याच्या प्रत्येक ठेक्यात अट घाला: डेपोभोवतीच्या ठरावीक अंतरातल्या वावरांतली, नाल्यांतली, झाडांवरची पन्नी ठेकेदारानं स्वतःची माणसं लावून रोज वेचायची. न वेचल्यास बिलातून रक्कम कापायची आणि ती रक्कम शेजारच्या शेतकऱ्याला द्यायची. आठवड्याची पाहणी डेपोच्या फाटकात उभं राहून नको, धुऱ्यावर येऊन करा, शेतकऱ्याची सही घेऊन. होळीनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. जाळ्या त्याआधी उभ्या राहायला हव्यात, म्हणजे निविदेत जाळ्यांसह ही अट याच महिन्यात यायला हवी.