पोपटीची शेकोटी आणि आंघोळीचं पाणी

पौष लागला की पेण-रोह्याकडच्या शेतांतून रात्री जाळ दिसू लागतात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, उपडं घातलेलं मडकं आणि भोवती रचलेली लाकडं, पेंढा, गवत. पोपटी लागलेली असते. गावातले तरुण असतात, मुंबईहून आलेले पाहुणे असतात, हात शेकत गप्पा चालतात. मला पोपटी आवडते, तेव्हा तिच्यावर माझा राग नाही. पण एक गोष्ट मी दरवर्षी पाहते. पोपटीसाठी लागणारं सुकं लाकूड पुरुष गोळा करतात. बांधावरून ओढून आणतात, फोडतात, रचतात, पेटवतात, विझू देत नाहीत. कुणाला पाठीचा त्रास होत नाही, कुणाला धूर लागत नाही, आणि ‘हे बायकांचं काम’ असं कुणी म्हणत नाही.

त्याच घरात दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला चूल पेटते. तिथं मात्र हे हात दिसत नाहीत.

मागच्या थंडीत रोह्याकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला पुरुषही येऊन बसले होते. मी सहज विचारलं, “थंडीत आंघोळीचं पाणी घरात कोण तापवतं?” बायका एकमेकींकडे बघून हसल्या. पुरुष मोठ्यानं हसले. एक जण म्हणाले, “ताई, आपल्याकडं काय बर्फ पडतो का? एवढा काय त्याचा विषय?”

बर्फ पडत नाही, हे खरं. लडाखात नळातलं पाणी गोठतं, पाइप फुटतात. युरोप-अमेरिकेत थंडी आली की नळ कसे सांभाळायचे, घर कसं उबदार ठेवायचं याच्या सूचना निघतात. ब्रिटनमध्ये १९९७ पासून वृद्धांना हिवाळ्यातल्या इंधनासाठी सरकार पैसे देतं. २०२४ मध्ये त्याला कात्री लावली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी सरकारला बरीचशी माघार घ्यावी लागली. म्हणजे तिथं ऊब हा राजकारणाचा विषय आहे. सरकार त्यावरून अडचणीत येतं.

आमच्याकडे थंडी कमी आहे, पण तिच्याशी लढणारी एकटीच आहे. तिची ना नोंद, ना बजेट. मुंबईचा पारा २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, तो आकडा अजून दर हिवाळ्यात वर्तमानपत्रं छापतात. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांवर, कारवीच्या कुडातून वारा आरपार जातो त्या घरात, पहाटे किती अंश असतात हे मोजायला कुणी जात नाही. रोह्याच्या वरच्या अंगाला असलेलं भिरा २०१७ च्या मार्चमध्ये एकदम देशभर गाजलं, कारण तिथं पारा ४६ अंशांवर गेल्याची बातमी आली. उन्हानं का होईना, नाव तरी आलं.

या भिऱ्याबद्दल आणखी एक सांगायचं आहे. मुळशीचं पाणी डोंगरातून खाली उतरवून १९२७ पासून तिथं वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तेच हे पाणी. वीज देऊन झाली की ते कुंडलिकेत सोडतात आणि ते कोलाडवरून रोह्याकडे येतं. म्हणजे आमच्या खोऱ्यातून गेलेल्या विजेवर जवळजवळ शंभर वर्षं मुंबईचे दिवे आणि गिझर चालले, आणि या खोऱ्यातली बाई डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरते आहे. पेणचीही गोष्ट वेगळी नाही. हेटवणे धरण पेण तालुक्यातलं. त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींना गेलं आणि खारेपाटातल्या बाया हंडे मांडून टँकरची वाट बघत आल्या. याच हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांनी २१ सप्टेंबर २००८ ला सेझबाबत मतदान केलं, तेव्हा रांगांत बायाही होत्या. जमीन राहिली, पण पाणी अजून हंड्यानंच मोजायचं. पाणी तापवायचं तर आधी ते घरात यावं लागतं. लडाखात पाइप गोठतो, आमच्याकडे पाइप कोरडा असतो. बाईला दोन्हीकडे हंडा घेऊनच निघावं लागतं.

आता थोडा हिशेब मांडूया. हिशेब मांडला नाही की ‘एवढा काय त्याचा विषय’ हेच ऐकावं लागतं. सहा माणसांचं घर धरा. माणशी पंधरा लिटर म्हणजे नव्वद लिटर पाणी. थंडीतलं बावीस अंशांचं पाणी पंचेचाळीसपर्यंत न्यायचं. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते, भांड्याला आठवा-दहावा हिस्सा लागतो. त्यामुळे नुसत्या आंघोळींना रोज चार ते पाच किलो सुकं लाकूड जळतं. महिन्याचे सव्वाशे-दीडशे किलो. डोक्यावरचा एक भारा वीस-पंचवीस किलोंचा धरला, तरी पाच-सहा खेपा फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी होतात. भात, भाकरी, आमटीचं लाकूड वेगळं.

हेच पाणी गॅसवर तापवलं तर १४.२ किलोचा एक सिलिंडर दीड महिन्यात आंघोळींतच संपतो. उज्ज्वला योजना आखणाऱ्यांनी ही बाब धरलेलीच दिसत नाही. १ मे २०१६ ला बलियात योजना सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादेत, बचत गटाच्या बायांच्या मेळाव्यात दिली गेली. जोडण्या झाल्या, हे मी नाकारत नाही. सकाळचा चहा आणि पोरांचा डबा गॅसवर होतो, त्यानं बाईची धावपळ खरोखर कमी झाली. पण त्याच वर्षीच्या महालेखापालांच्या अहवालात दिसलं, की उज्ज्वलाची कुटुंबं वर्षाला सरासरी चार सिलिंडरही भरत नव्हती. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरपासून सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आलं, २०२४ मध्ये राज्यानं अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. तीन! चार-साडेचार महिन्यांच्या आंघोळींतच ते संपतील. मग कुठली बाई गॅसवर पाणी तापवेल? गॅस जेवणाला, चूल पाण्याला, अशी वाटणी घराघरात झालेली आहे, आणि सरकारी कागदावर हे घर ‘धूरमुक्त’ आहे.

या चुलीशी धूर तिचाच. घरातल्या धुरानं जगात वर्षाला बत्तीस लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. १९८३ पासून २००२ पर्यंत सरकारची सुधारित चुलींची योजना चालली. माझ्या आजीच्या घरी निर्धूर चूल होती. तिचं धुराडं एका पावसाळ्यात बुजलं आणि ती चूल कोंबड्यांना अंडी घालायला झाली. दुरुस्तीला कुणी यायचंच नव्हतं. आता चुलीत पेटवणाला प्लास्टिकच्या पिशव्या असतात, कारण ओली फाटी लवकर धरत नाहीत. तो धूर किती विषारी, हे बाईला समजत नाही असं नाही. पेटवायला दुसरं काही नाही.

आणि आंघोळींचा क्रम? पहिली सासऱ्यांची किंवा नवऱ्याची, मग शाळेत जाणारी पोरं, त्यातही आधी मुलगा. पेणच्या खारेपाटातल्या एका काकींना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “उरला त घ्यायचा, नाय त गार. मना आता सवय हाय.” या काकींचे दोन्ही गुडघे सुजलेले आहेत. पहाटे उठून, पाणी भरून, जाळ घालून जिनं ते पाणी तापवलं, तिच्या वाट्याला हंड्याच्या तळाचं कोमट पाणी येतं. त्याला आपण ‘सवय’ म्हणतो. ज्या अन्यायाला नाव द्यायचं नसतं, त्याला आपल्या घरांत सवय म्हणतात.

बाईला हक्कानं ऊब मिळते ती फक्त बाळंतपणात. खाटेखाली शेगडी, शेक, धुरी, गरम पाणी, आणि सव्वा महिना कुणी काही बोलत नाही. तेही बाळासाठी, दूध यावं म्हणून. (आणि दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवू नका, हे इथंच सांगते. त्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो.) सव्वा महिना संपला की तीच बाई गार पाण्यात हात घालून धुणी धुते.

शहरातल्या मैत्रिणींनी हे वाचून सुटकेचा श्वास टाकू नये. पेण शहरात माझ्या घरी गिझर आहे. तो पहाटे लावायचा कुणी, बंद करायचा कुणी, बिल वाढलं तर ऐकून घ्यायचं कुणी, याचं उत्तर पदवीनं बदललेलं नाही. समाजकार्यात एम. ए. केलं, श्रमविभागणीवर पेपर लिहिला, आणि लग्नानंतर पहिली दोन वर्षं नवऱ्याची बादली मीच काढून ठेवत होते. ज्यांना गिझर परवडत नाही, त्यांच्याकडे बादलीत टाकायची हीटरची कांडी असते. अर्थिंग नाही, वायर सोललेली, ओली जमीन. त्या कांडीचा झटका कुणाला बसतो? पाणी तापलं का ते बोट घालून बघणारीला.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८, असं निघालं. हिशेबाची आणखी एक गंमत बघा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या नियमांत रानातून फाटी आणणं हे ‘उत्पादन’ ठरतं. तीच फाटी चुलीत घालून घरच्यांसाठी पाणी तापवणं मात्र उत्पादन नाही. म्हणजे उंबऱ्यापर्यंत ती कामगार, उंबरा ओलांडला की गृहिणी.

आणि रानात ती गुन्हेगार. आमच्या भागातल्या एका वाडीवर कातकरी बायांचे कोयते काढून घेतले गेले, मोळ्या टाकायला लावल्या. त्या सुकी फाटी घेऊन येत होत्या, उभं झाड कुणी तोडलं नव्हतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत काटक्या-झुडपांचं लाकूड स्पष्ट लिहिलेलं आहे, हे त्या बायांना माहीत नव्हतं आणि ज्यानं कोयते घेतले त्यालाही माहीत नसावं. असेल, तर जास्तच वाईट. याच जिल्ह्यात चिरनेरला आक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली. दरवर्षी तिथं हार घातले जातात. लाकडाचा हक्क मागणाऱ्यांना हुतात्मे म्हणायचं आणि त्यांच्या नातीच्या डोक्यावरची मोळी उतरवायची, हे कसं जमतं?

यात कातकरी बाईची अवस्था सगळ्यात कडू. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात. थंडीचे सगळे महिने तिथं, पाल्याच्या खोपटात, तान्ह्या पोरांसकट. दिवसभर दुसऱ्यासाठी जाळ घालायचा आणि रात्री पोराला पोटाशी धरून झोपायचं. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेतल्या मुली.

त्या मुलींबद्दल सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही. एका आश्रमशाळेच्या छपरावर सोलरची टाकी आहे. बिल निघालेलं आहे. खाली न्हाणीघरापर्यंतचा पाइप मात्र तुटलेला आहे, आणि कुणाला विचारलं तर दुरुस्तीचं काम ‘वर’ कळवलेलं आहे. मुली पहाटे पाचला उघड्यावरच्या हौदाचं गार पाणी अंगावर घेतात. पाळी आलेली मुलगी तर आंघोळच टाळते, मग खाज, मग पांढरं जाणं, मग ‘आदिवासी मुली अस्वच्छ’ हा शेरा. पाइप दोन-चार हजारांत जोडून होईल. आकाशात ऊन भरपूर आहे, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ढगही नसतात. अडलंय ते मुलींच्या आंघोळीला कुणी काम मानत नाही म्हणून.

पुरुषांनी मोळी आणावी, आपलं पाणी आपण तापवावं, हे तर आहेच. पोपटीला जे हात चालतात ते पहाटेही चालतील. पण एवढ्यावर मी ते सोडायला तयार नाही, कारण नवरा सुधारला तरी लाकूड रानातूनच येणार. अंगणवाडी, आश्रमशाळा, वाडीवरचं सामाईक न्हाणीघर इथं सोलरचं गरम पाणी, दुरुस्तीच्या पैशांसकट, पंचायतीच्या आराखड्यात आलं पाहिजे. हिवाळ्याच्या महिन्यांचे सिलिंडर वेगळे धरले पाहिजेत. सुक्या फाट्यांचा वनहक्क ग्रामसभेच्या ठरावावर लिहिला गेला पाहिजे.

२६ जानेवारीची ग्रामसभा ऐन थंडीत येते. तिच्याआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. यंदा सही करायच्या आधी सभा कुठं आणि किती वाजता ते विचारा. रोह्याकडच्या त्या गटातल्या बायांनी ठरवलंय, की सभेला येताना प्रत्येकीनं महिन्यात आणलेल्या भाऱ्यांच्या रेघा मारलेला कागद आणायचा. लिहिता येत नाही त्यांनी चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यात एका घरी मोजल्या, तेवीस झाल्या होत्या.